गवत कापण्यातली हिंसा आणि बॅटरीचे यंत्र

घरामागच्या जागेतले गवत कापण्यात हिंसा आहे का, या प्रश्नाला जैन आचारशास्त्र आडवळण न घेता उत्तर देते: आहे. वनस्पती हा एकेंद्रिय जीव. त्याला केवळ स्पर्शाची जाणीव असते आणि तो ‘स्थावर’ गटात मोडतो. आचारांगसूत्राने माणूस आणि वनस्पती यांना शेजारी उभे करून पाहिले आहे. दोघेही जन्मतात, वाढतात, दोघांनाही आहार लागतो आणि छाटल्यावर दोघेही सुकतात. गवताच्या आसऱ्याने राहणारे जीव ‘त्रस’, म्हणजे हालचाल करणारे: गांडूळ दोन इंद्रियांचे, मुंगी तीन, फुलपाखरू चार आणि बेडूक पाच. महाराष्ट्रात गवत जोमाने वाढते ते नेमके चातुर्मासात. पावसात जमीन जीवांनी भरून जाते म्हणूनच साधू-साध्वी या काळात विहार थांबवून एका जागी राहतात.

गृहस्थाला मात्र इतकी पूर्ण निवृत्ती साधत नाही, हे शास्त्रानेही मान्य केले आहे. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. त्यांतली हेतुपुरस्सर केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, सोडायचीच असते. घरकाम, उपजीविका आणि स्वसंरक्षण यांतली हिंसा टाळता येत नसेल तिथे मर्यादेत ठेवायची असते. कोल्हापूर-सांगलीकडचा जैन समाज पिढ्यान् पिढ्या शेती करत आला आहे तो याच आधारावर. पण शोभेची हिरवळ म्हणजे शेती नव्हे. दाराशी गुडघाभर गवत माजून सापाविंचवाची भीती असेल, मुलांना खेळायला जागा हवी असेल, तर कापण्याला कारण आहे. नुसते सपाट आणि सारखे दिसावे म्हणून सगळीकडून कापणे हा ‘अनर्थदंड’, विनाकारण केलेली इजा. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात निष्फळ वनस्पतिच्छेद ‘प्रमादचर्या’ म्हणून नोंदला आहे, तो याच अर्थाने.

म्हणून यंत्राच्या निवडीआधी कापण्याच्या क्षेत्राची निवड येते. जागा लहान आणि वेडीवाकडी असेल, कुठे चिंचोळी पट्टी, कुठे झाडाची मुळे, कुठे भिंतीचा कोन, तर हा आकार अडचणीपेक्षा सोयीचाच मानावा. यंत्र जिथे सहज जात नाही तो कोपरा बहुधा कापण्याची गरज नसलेलाच असतो. तिथली हरळी वाढू द्यावी. दाराजवळच्या अडचणीच्या कडा विळ्याने किंवा कात्रीने बेताने कापाव्यात.

उरलेल्या भागासाठी हाताने ढकलायचे रुळाचे यंत्र, पेट्रोलचे यंत्र आणि बॅटरीचे यंत्र असे पर्याय राहतात. रुळाचे यंत्र सर्वांत जुने. एडविन बडिंग याने १८३० मध्ये इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले. त्याची पाती कात्रीसारखी कापतात आणि पाय थांबले की पातीही थांबतात. अहिंसेच्या दृष्टीने ते पहिल्या पसंतीचे ठरावे. पण पावसाळ्यातल्या उंच, ओल्या गवतात ते अडकते. गवत आखूड ठेवून वारंवार फिरवले तरच चालते.

पेट्रोलच्या यंत्रात प्रत्यक्ष ज्वलन आहे, आणि अग्नीच्या शरीराचे जीव, म्हणजे तेजस्काय, जैन विचारात खरे जीव आहेत. बॅटरीच्या यंत्रात ज्वाळा नाही. तरी प्रश्न सुटत नाही, कारण वीज स्वतःच सजीव अग्नी आहे की निर्जीव ऊर्जा, यावर संप्रदायांत मतभेद आहेत. आचार्य महाप्रज्ञांसह तेरापंथाने विजेला निर्जीव मानले. मूर्तिपूजक परंपरेतले अनेक साधू ती सजीव मानून ध्वनिवर्धकही वापरत नाहीत. शिवाय महाराष्ट्रातल्या विजेचा मोठा वाटा कोळसा जाळूनच येतो. बॅटरीसाठी जमीन फोडून धातू काढावे लागतात. श्रावकाला निषिद्ध असलेल्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे उपजीविकेच्या मार्गांत, जमीन फोडण्याचे ‘स्फोटकर्म’ आहेच. ग्राहक खाण चालवत नाही हे खरे, पण करणे, करवणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार करणाऱ्या परंपरेत तेवढ्याने सुटका होत नाही. गरजेपेक्षा मोठी बॅटरी न घेणे आणि घरातल्या इतर अवजारांना तीच बॅटरी चालेल असे पाहणे एवढे तरी हाती राहते.

बॅटरीच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा वेगळाच आहे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीच्या आधी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, ठेवला आहे. कुंदकुंदाचार्यांचे प्रवचनसार पुढे जाऊन सांगते की जीव मरो वा न मरो, बेफिकीर वागणाऱ्याला हिंसा लागतेच. यत्नाने वागणाऱ्याला केवळ घडलेल्या इजेने कर्मबंध होत नाही. यंत्राची खरी कसोटी इथे लागते. समोर बेडूक दिसला तर चालवणारा थांबेल का? पेट्रोलचे यंत्र बंद केले की पुन्हा दोरी ओढावी लागते, त्यामुळे न थांबण्याचा मोह होतो. बॅटरीच्या यंत्रात दांड्यावरची पट्टी सोडली की पाते लगेच मंदावून थांबते, आणि क्षणात पुन्हा सुरू करता येते. थांबणे इतके सोपे झाले की जयणा, म्हणजे सावध वागणे, माणसाच्या हाती येते.

याच कसोटीवर आपोआप फिरणारे रोबो यंत्र नापास होते. तेही बॅटरीवरच चालते, पण जमिनीवरची माणसाची नजर ते काढून घेते. युरोपात साळिंदरासारखा काटेरी छोटा प्राणी, हेजहॉग, धोका दिसल्यावर पळण्याऐवजी गोळा होऊन बसतो आणि अशा यंत्रांखाली जखमी होतो. जर्मनीतल्या कोलोन शहराने २०२४ मध्ये रात्री ही यंत्रे चालवण्यास बंदी घातली. पाते कोणी फिरवले याचे उत्तर ‘यंत्राने’ असे देता येत असले, तरी यंत्र सोडून निघून जाण्याचा निर्णय माणसाचाच असतो.

लहान, वाकड्यातिकड्या जागेला तीसेक सेंटिमीटर रुंदीचे, हाताने ढकलायचे हलके बॅटरीचे यंत्र पुरते. पात्याची उंची जास्तीत जास्त ठेवावी, गवत कोरडे झाल्यावर यंत्र चालवावे आणि आधी जमीन पाहून घ्यावी. कापणी मधून बाहेर करत न्यावी, म्हणजे जीवांना कडेकडे निघून जायला वाट राहते. चक्राकार पाते गवत वर ओढून घेते, म्हणून चाल संथ हवी. यंत्र शेजाऱ्याला देतानाही विचार करावा, कारण कुऱ्हाड, कुदळ यांसारखी इजेची साधने दुसऱ्याला देणे हे ‘हिंसादान’ म्हणून अनर्थदंडातच गणले आहे.