निम्मे कागद

मारेगावकडच्या काळ्या रानात दिवाळी येते ती कापूस फुटण्याच्या सुमारास. पहिल्या वेचणीआधी बाया शेतात सीतादहीची पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच ओटा बांधून वेचायला लागतात. कधी पाऊस दगा देतो, कधी बोंडअळी पडते, कधी भाव उतरतो. पूजा मात्र सहसा चुकत नाही. शहरातल्या सुशिक्षिताला हा भाबडेपणा वाटेल. मला त्यात एक अवघड प्रश्न दिसतो. ज्याच्या पदरात वर्षानुवर्षे तोटाच पडला, त्याने श्रद्धा आणि माया टिकवायची ती कशाच्या बळावर?

याच तालुक्यातल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर. २००५ साली कर्जापायी त्यांच्या पतीने जीव दिला. मागे लेकरांचे मोठे खटले होते; मोलमजुरी करून त्यांनी ते ओढले. जुलै २००८ मध्ये लोकसभेत त्यांचे नाव उच्चारले गेले आणि एका बाईचे नाव साऱ्या वऱ्हाडच्या दुःखाची खूण होऊन बसले. अशा बाईला धीराची मूर्ती म्हणून हात जोडणे आपल्याला फार सोपे जाते. फराळाच्या ताटाशी बसून दुसऱ्याच्या सोशिकपणाचे गुण गाण्याइतके स्वस्त पुण्य नाही! सोसणाऱ्याने सोसता सोसता प्रेमळही राहावे, वर देवावर रुसूही नये, अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

तरीही माणसे तशी राहिलेली आहेत, हे खोटे नव्हे. कर्जाचा कागद आणि श्रद्धा यांची गाठ मराठी मुलखात पूर्वीही पडली आहे. १६३० च्या आगेमागे पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. घर महाजनांचे, लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद घरात होते. ते पैसे मागण्याचा तुकोबांना पूर्ण हक्क होता, आणि गरज तर हक्काहूनही मोठी होती. घरात मृत्यू येऊन गेलेला माणूस वसुलीला निघाला असता, तर त्याला निर्दय कोण म्हणाले असते?

दुःखाने माणूस आपोआप कोमल होतो, असे आपण म्हणतो खरे. पण पुष्कळदा तो कठोरच होतो. ‘मी सोसले, आता तू सोस’ ही त्याची भाषा होते. तुकोबांना मात्र आपल्या घरच्या भुकेत ऋणकोच्या घरची भूक दिसली असावी. त्यांनी कागद इंद्रायणीत सोडले. ही कथा घरोघरी ठाऊक आहे. पण परंपरेने जपलेला तिचा एक तपशील कीर्तनाच्या रंगात निसटून जातो. सगळे कागद बुडाले नाहीत. निम्मे धाकट्या कान्होबाचे होते. ते त्याच्या हाती देऊन तुकोबांनी फक्त आपल्या वाट्याचे पाण्यात टाकले. भावाच्या संसाराला तोशीस लावून दयाळू होण्याचा मोह त्यांना झाला नाही. करुणेतला हा चोख हिशेब मला त्या बुडवण्याहूनही थोर वाटतो.

पण मग एक शंका उरतेच. ते निम्मे कागद तरी त्यांच्या एकट्याचे होते काय? चूल होती दुसऱ्या पत्नीच्या, जिजाईच्या हाती, म्हणजे आवलीच्या. कथेकऱ्यांनी तिला कजाग ठरवून पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांना हसवले. विठ्ठलाने आपले घर बुडवले असे तिचे रोखठोक म्हणणे होते, आणि रिकाम्या मडक्यांपाशी उभे राहून पाहिले तर ते अगदीच चूक म्हणवत नाही. पण नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसला की हीच बाई भाकरी बांधून उन्हातून वर चढे. तोंडात देवाला शिव्या असत, हातात भाकरी. सीतादही मांडणाऱ्या बायांची ती मला सख्खी बहीण वाटते. फरक एवढाच, की तिने नैवेद्य माणसाला नेला.

एकदा वाटेत तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला खुद्द विठ्ठल आला, अशी कथा आहे. काटा निघेपर्यंत ती गप्प बसली असेल असे मला वाटत नाही. आणि बोलत असणार तेही त्याच्याच नावाने.