खेळाडू राहिला, क्लब गेले

जपानमधल्या शिमोनोसेकीत १९८२ साली जन्मलेला अराता इझुमी फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत भारताची निळी जर्सी घालून मैदानात उतरला, तेव्हा त्यानं तिशी गाठली होती. वडील मूळचे गुजराती, आई जपानी. परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला राष्ट्रीय संघात घ्यायचं नाही, असं सरकारचं धोरण २००८ अखेरीपासूनचं. दुहेरी नागरिकत्व आपला कायदा मानत नाही आणि जपानचाही मानत नाही. म्हणून अरातानं जपानी पासपोर्ट सोडला, २०१२ मध्ये तो भारतीय झाला, नीलकंठ खंभोलजा हे नावही त्याला चिकटलं. कोचीचा तो सामना आपण पॅलेस्टाइनकडून हरलो. भारताकडून पुढं त्याला मिळालेले सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

या गोष्टीतला त्याग वर्तमानपत्रांना भावला आणि त्याचं काही चुकलं नाही. मला मात्र त्याच्या क्लबांची यादी जास्त बोलकी वाटते. आल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबचा सिंगापूरमधला संघ, मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल, मग मुंबईचा महिंद्र युनायटेड, २००९ पासून पुणे एफसी, आणि शेवटी इंडियन सुपर लीगमध्ये कोलकाता, एफसी पुणे सिटी, केरळ. यातले महाराष्ट्रातले तिन्ही क्लब आज नाहीत. महिंद्र युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीनं संघ गुंडाळला. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये उपविजेता ठरला, बालेवाडीत लोक येऊ लागले, अकादमीतून पोरं वर येऊ लागली, आणि २०१५ नंतर तोही संपला. एफसी पुणे सिटीचा कारभार २०१९ मध्ये आटोपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मधल्या काळात भारत एफसी एक हंगाम टिकला आणि डीएसके शिवाजियन्स दोन. पुण्यासारख्या शहरानं दहा वर्षांत चार क्लब पाहिले आणि घालवले. महिंद्र किंवा पुणे एफसी काही मैदानावर हरून बुडाले नाहीत. मालकाच्या ताळेबंदात ज्या दिवशी ते बसेनासे झाले, त्या दिवशी त्यांचा निकाल लागला.

हे सगळं अमरावतीत बसून उगाळायचं कारण काय, असं कुणी विचारेल. कारण आपल्याकडं ‘वऱ्हाडात फुटबॉल का नाही’ या प्रश्नाचं उत्तर एकतर क्रिकेटला शिव्या घालून दिलं जातं, नाहीतर ‘आपल्याकडं मोठी कंपनी नाही’ असं म्हणून. पैकी क्रिकेटकडं नीट पाहिलं तर उलटंच काहीतरी शिकायला मिळतं. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून ट्वेन्टी-२० खेळला, अकोल्याचा अथर्व तायडे रणजीपासून आयपीएलपर्यंत गेला. ही मुलं गुणी आहेतच. पण त्यांना जवळचं दार होतं. महाराष्ट्र राज्यातून रणजीत तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. विदर्भाची संघटना वेगळी आहे, तिचं घर नागपूरला आहे, आणि २०१७-१८ ला तिच्या संघानं रणजी करंडक जिंकूनही दाखवला. अकोल्याच्या पोराला सोळा वर्षांखालच्या निवड चाचणीसाठी नागपूरला जाता येतं. बापानं एका दिवसाची रजा टाकली की भागतं.

फुटबॉलमध्ये रेल्वे आणि सेनादलांचे संघ सोडले तर अख्ख्या राज्याला संतोष करंडकासाठी एकच संघ. १९११ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन मुंबईची, आणि खेळाची मुळं मुंबईत, कोल्हापुरात, पुण्यात रुजलेली. ती तिथं रुजली यात कुणाचा दोष नाही. पण अमरावतीच्या सोळा वर्षांच्या मुलाला मुंबईच्या मुलाशी, कोल्हापूरच्या पेठांमधल्या पोरांशी थेट स्पर्धा करून त्या एका दारातून आत शिरायचं असतं, आणि तिथवर पोचेपर्यंत त्याच्या पाठीशी हंगामभर खेळलेले पंधरा-वीस सामनेही नसतात. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, तीन-चार दिवसांत बाद पद्धतीनं संपतात. पहिल्याच दिवशी हरलेल्या संघाचं वर्ष नव्वद मिनिटांत आटोपतं. गावोगावच्या चषकांचंही तेच. मधल्या फळीत खेळणाऱ्या मुलाचं यात सगळ्यात जास्त नुकसान. गोल करणारा एका सामन्यात डोळ्यांत भरतो. चेंडू कुठं पडणार हे आधी ओळखून तिथं उभं राहणारा मुलगा दहा सामने पाहिल्याशिवाय कळतच नाही.

अशा वेळी हमखास हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेला आखाडा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी आणि देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेले पी.टी.चे सर महाराष्ट्रभरच्या शाळांत सापडतात. पण प्रात्यक्षिक वेगळं आणि हंगाम वेगळा. आपल्या व्यायामशाळांच्या परंपरेनं शरीर घडवलं, शिस्त दिली, शिक्षक दिले. दर आठवड्याला दुसऱ्या गावाशी खेळणारा संघ मात्र तिच्या कल्पनेतच नव्हता. हे उणं काढायला म्हणून लिहीत नाही. मंडळाची शंभरी उलटली, महिंद्र युनायटेड गेला, पुणे एफसी गेला. टिकण्याची विद्या कुणाजवळ आहे, ते उघड आहे.

इथं अराताच्या मायदेशाकडं वळावं लागतं. जपानी फुटबॉल आधी कंपन्यांचाच होता, मित्सुबिशीचा संघ, टोयोटाचा संघ. १९९३ मध्ये दहा क्लबांची जे-लीग सुरू झाली तेव्हा अट घातली गेली, की क्लबचं नाव गावाचं असेल, कंपनीचं नाही. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड्स झाला, टोयोटाचा नागोया. त्याआधी जपान विश्वचषकाला एकदाही पात्र ठरला नव्हता. १९९८ पासून एकदाही चुकला नाही. आज तीन विभागांत मिळून साठ क्लब आहेत. ज्या क्लबच्या सिंगापूर शाखेतून अराता पुढं आला, ते निगाता तांदळासाठी ओळखलं जाणारं, टोकियोपासून दूर असलेलं, हिवाळ्यात बर्फात बुडणारं, शेतीवाडीच्या मुलखातलं शहर. आल्बिरेक्स २००४ साली पहिल्या विभागात गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी चाळीस हजार लोक यायचे.

अर्थात गावाचं नाव लावलं म्हणून क्लब वाचतोच असं नाही. योकोहामा फ्लुगेल्सच्या प्रायोजकांनी हात आखडता घेतला आणि क्लब शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन करून टाकला. १ जानेवारी १९९९ ला आपला अखेरचा सामना खेळताना फ्लुगेल्सनं सम्राट चषक जिंकला, आणि संघ संपला. मग चाहत्यांनी पैसे गोळा करून योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब काढला. तो काही वर्षांत पहिल्या विभागात पोचला. त्याहून मला कोफूची गोष्ट जवळची वाटते. जेमतेम दोन लाख वस्तीचं हे शहर म्हणजे आपल्या अकोल्याच्या निम्मंही नाही. व्हेन्टफोरेत कोफू हा तिथला क्लब २००० च्या सुमारास कर्जात बुडून बंद पडायच्या बेतात होता. त्यानं मोठा धनिक शोधला नाही. गावातल्या लहान लहान दुकानदारांकडं तो गेला आणि मिळेल तिथं जाहिरातीची जागा विकली. जखमी खेळाडूला उचलून नेणाऱ्या स्ट्रेचरवरसुद्धा. २०२२ मध्ये दुसऱ्या विभागात खेळत असताना याच क्लबनं सम्राट चषक जिंकला.

स्ट्रेचरवरची जाहिरात आपल्याला परकी वाटू नये. गणेशोत्सवाची कमान उभी राहते तेव्हा तिच्यावर कापड दुकानदार, कृषी केंद्रवाला, डॉक्टर आणि नगरसेवक अशी सगळी मंडळी दाटीवाटीनं बसलेली असतातच. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरण्यात वऱ्हाडी माणसाला कुणी शिकवायला नको. वऱ्हाडचा जपानशी संबंधही काही आजचा नाही: १८९३ मध्ये मुंबई-कोबे जहाजं सुरू झाली ती मुख्यतः कापसासाठी, आणि आपल्या आखूड धाग्याच्या गाठी त्या वाटेनं तिकडच्या गिरण्यांत जात. तेव्हा आपण कच्चा माल पाठवला. आता त्यांच्याकडून उचलण्यासारखी एक रीत आहे: क्लब कंपनीचा नको, गावातल्या संस्थेचा हवा, आणि त्याचा खर्च गावानं थोडा थोडा उचलायचा.

यावर आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. संस्थांचे रोग कंपन्यांहून कमी नसतात: गट-तट, निवडणुकीचे वाद, धर्मादाय आयुक्तांकडं पडून असलेले अर्ज. खरं आहे. तरी भांडणाऱ्या संस्था भांडत भांडत साठ-सत्तर वर्षं चालतात, हेही खरं. दुसरा आक्षेप मैदानाचा, आणि तो जास्त वजनदार. आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला असा लोंदा धरते की पोरगं दहा पावलांत काठी शोधून तळवे खरवडायला बसतं. उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात, त्यात घोटा अडकला की महिनाभर घरी. वर अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढं. मुंबईची पावसाळी फुटबॉलची सवय इथं चालायची नाही. मुरूम टाकून, दाबून, निचरा काढून केलेलं एक तरी मैदान प्रत्येक जिल्ह्याला लागेल, आणि खेळ दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवावा लागेल. पैसा खर्चायचा तर आधी इथं. बाहेरून भाड्यानं आणलेल्या खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यावर तर मुळीच नाही. तसले सामने होतात, नेत्यांचे फलक लागतात, दुसऱ्या दिवशी मैदानात म्हशी असतात.

अराता आता नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत मुलांना शिकवतो. देशभरातून निवडून आणलेली ती मुलं. निवडणाऱ्यांनी वऱ्हाडात यावं असं आपल्याला वाटत असेल, तर त्यांना पाहायला सामने लागतील, आणि ते वेळापत्रकाप्रमाणे व्हायला लागतील. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा. जिल्ह्यागणिक दोन संघ धरले तरी दहा होतात, आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी घरी एकदा, बाहेर एकदा खेळायचं म्हटलं तर संघाला अठरा सामने. दिवाळी ते होळी एवढ्या काळात रविवारी एक आणि अधूनमधून बुधवारी एक धरला तर बसतात. अमरावती-अकोला अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पाच जिल्ह्यांत त्याहून लांबचे पल्ले आहेत, पण बहुतेक सामन्यांना सकाळी एसटीनं निघून रात्री जेवायला घरी परतता येतं. मुक्कामाचा खर्च नाही, शाळा-कॉलेज फारसं बुडत नाही. जोडीला लागतील ते पंच, आणि ते तयार करायचे तर पी.टी.चे सर आपल्याकडं आहेतच.