बेगड आणि बेगडी

मराठी भाषेने एका गरीब वस्तूवर थोडा अन्यायच केला आहे. बेगड म्हणजे धातूचा अतिशय पातळ, चकचकीत पत्रा. बाशिंगावर, मखरावर, ताबुतावर तो चिकटविण्याची आपल्याकडे जुनी रीत. या बेगडावरून आपण ‘बेगडी’ हे विशेषण तयार केले आणि ढोंगी माणसाला, खोट्या प्रेमाला, दिखाऊ धर्माचरणाला ते बहाल करून टाकले. वस्तुतः नवरदेवाच्या बाशिंगावरील बेगड कोणालाही फसवीत नाही. ते सोने नाही हे मांडवातल्या लहान मुलालाही कळते. आजचा दिवस नेहमीचा नाही, एवढेच ते सांगत असते. मग बेगड बेगडी केव्हा होते? हा प्रश्न केवळ शब्दकोशातला नाही. आपल्या घरातील देवपेटीसमोर उभे राहिले की तो आपल्यालाही विचारावा लागतो.

खापर हे सातपुड्याच्या पायथ्याचे, अक्कलकुव्याहून गुजरातच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. या परिसरातील अनेक घरांच्या भिंती कुडाच्या. त्यांत कोनाडा कोरता येत नाही. शिवाय दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे दक्षिण गुजरातमध्ये ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत पडावावर राहतात. ज्याचे घरच वर्षातून काही महिने पाठीवर असते, त्याची वेदीही उचलून नेता येण्याजोगी असावी लागते. म्हणून पेटी. कोणी तिला आल्तार म्हणतो, कोणी देव्हारी; आम्ही येथे देवपेटी हा शब्द वापरीत आहोत.

तिची घडण पाहण्यासारखी असते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा किंवा खोक्याच्या फळ्या हा तिचा सांगाडा. आतून घोटीव कागद खळीने चिकटवलेला. कडेने बांबूच्या तासलेल्या कामट्या, त्यांवर जुन्या लुगड्याचा काठ. फुटक्या बांगड्यांच्या काचा, मणी, टिकल्या, आरशाचा एखादा तुकडा, आणि तांदूळ, ज्वारी व तुरीचे दाणे एकेक करून बसवून केलेला क्रूस. मध्यभागी मरियामातेचे अथवा येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र, पुष्कळदा जुन्या दिनदर्शिकेतून कापलेले. दाण्यांना कीड लागू नये म्हणून ते आधी कडक उन्हात वाळवावे लागतात. मेणबत्ती पेटीच्या आत न ठेवता पुढे, मातीच्या पणतीत ठेवावी लागते, कारण कागद आणि कापड पेट घ्यायला वेळ लागत नाही. कागद, काच, धान्य, धागा आणि धातू अशा एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या वस्तू येथे एका चौकटीत नांदतात.

ही कल्पना नवी नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून लाकडी ओरातोर शतकानुशतके चालत आले आहेत: दोन दारांची कोरीव पेटी, आत रंगकाम, कोठे सोनेरी मुलामा, आणि मध्ये मूर्ती. १९९४ साली राशोल येथे सुरू झालेले आणि २००२ मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पाहिले म्हणजे घरगुती भक्तीने हस्तकलेला किती आश्रय दिला हे ध्यानात येते. त्या इतिहासात एक विचार करायला लावणारी गोष्ट आहे. १५६७ च्या गोवा प्रांतीय धर्मसभेने ख्रिस्ती मूर्ती व चित्रे बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली याचाच अर्थ असा की, शेजारच्या हिंदू सुताराचा हात आपल्या वेदीला लागत होता. तो नंतरही लागत राहिला, आणि त्याने वेदीचे काही बिघडले नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप सुशिक्षितांचा: हा सारा भडकपणा आहे, त्याने प्रार्थनेत लक्ष लागत नाही. त्यांच्या बाजूला थोर नावे आहेत. संत बर्नार्ड यांनी ११२५ च्या सुमारास मठमंदिरांतील डामडौलावर कडक टीका केली. भिंती झळकतात आणि दाराशी गरीब उपाशी राहतो, हे त्यांचे शल्य होते. १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासनेवरील संविधानात सांगितले की, पवित्र कलेत श्रीमंती थाटापेक्षा उदात्त सौंदर्याचा शोध घ्यावा. गुरुविद्यालयात आम्हीही हेच शिकलो आणि ते आम्हाला मान्य आहे. परंतु बर्नार्ड यांचा रोख जग सोडून आलेल्या संन्याशांवर होता. सामान्य भाविकांचे मन डोळ्यांच्या वाटेने भक्तीकडे वळते, हे जाणून महागुरुस्वामींच्या मंदिरांतील सजावटीला त्यांनी जागा ठेवली होती. आणि परिषदेने नाकारलेला श्रीमंती थाट फुटक्या बांगडीच्या काचेत शोधणे म्हणजे न्यायाची थट्टाच. ऊस तोडून आलेल्या हातांनी रात्री चिमणीच्या उजेडात तुरीचा दाणा दाण्याला भिडवून बसवला, तर त्या हातांना साधेपणाचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणाला आहे?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: देव आत्मा असताना त्याच्यासाठी पुठ्ठा आणि टिकल्या कशाला? याचे उत्तर आठव्या शतकात दमास्कसच्या संत योहानांनी दिले. जडवस्तूची आम्ही पूजा करीत नाही. पण जडवस्तूंचा निर्माता स्वतः देह धारण करून आला, तेव्हापासून जडवस्तूला तुच्छ लेखणे आम्हाला शक्य नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. ७८७ साली नायसिया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने आराधना केवळ देवाची आणि प्रतिमेला केवळ सन्मान, हा भेद स्पष्ट केला. आपल्या बायबलमध्येही निर्गमाच्या ग्रंथात बसालेल नावाच्या कारागिराला देवाने आपल्या आत्म्याने भरले असे सांगितले आहे. तो राजा नव्हता की याजक नव्हता. सोने, तांबे, लाकूड आणि रत्ने घडविणारा होता.

तिसरा आक्षेप मात्र आपल्याला टाळता येणार नाही, कारण तो गरिबीतून येतो. बेथानीत त्या स्त्रीने बहुमोल सुगंधी तेल येशूच्या मस्तकावर ओतले, तेव्हा हा नाश कशासाठी असे विचारणारे तेथे होतेच. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. पण म्हणून प्रत्येक खर्च तिच्या तेलाच्या पंगतीला बसत नाही. तिने जे ओतले ते तिचे स्वतःचे होते. आपल्याकडे हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी पुढचे काही महिने नवराबायकोचे श्रम आधीच गहाण पडतात. त्या उचलीतून बाजारातली, विजेचे रंगीत दिवे लुकलुकणारी तयार देवपेटी आणली, तर तिची किंमत कोण देतो? बायकोची पाठ देते, मुलाची बुडालेली शाळा देते. संत योहान ख्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या श्रोत्यांना बजावले होते की, मंदिरात ख्रिस्ताला रेशीम पांघरायचे आणि बाहेर थंडीने काकडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हे चालणार नाही. दान देण्यास त्यांनी मना केले नाही. क्रम चुकवू नका, असे ते सांगत होते. बेगड बेगडी होते ते येथे. जे देणे आपण माणसाला लागतो, त्याच्या जागी ते देवापुढे चिकटवले जाते तेव्हा.

या बाबतीत आपल्या डोंगरातील बांधवांकडून शिकण्यासारखे खूप आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिची परंपरा इ. स. १२४६ पासूनची सांगितली जाते. तेथे नाचणाऱ्या बावा-बुध्यांचा साज डोळे दिपविणारा असतो: अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. पण हा साज कोणालाही सहज चढवता येत नाही. त्याआधी काही दिवस पाळणी करावी लागते. जमिनीवर झोपणे, ब्रह्मचर्य, खाण्यापिण्यातले निर्बंध. आधी व्रत, मग शृंगार. आम्हाला वाटते, सजावटीचे नीतिशास्त्र याहून थोडक्यात सांगता येणार नाही. उपवासकाळात भावाशी अबोला धरून बसलेल्या माणसाने पास्काच्या सणाला देवपेटीवर नवा कागद लावला, तर त्याने शृंगार केला; पाळणी केली नाही.

आदर असला म्हणजे सारेच उचलून आणावे असेही नाही. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूरच्या भागात राठवा समाजात पिठोरा चित्रे काढली जातात. भिंतीवरचे ते रंगीत घोडे नवस फेडण्यासाठी काढलेले असतात आणि बडवा ते तपासून घेतो. त्या समाजासाठी ते धर्मकृत्य आहे. शोभा वाढते म्हणून तेच घोडे आपण मरियामातेच्या भोवती रंगविले, तर शेजाऱ्याच्या श्रद्धेची आपण वेलबुट्टी करून टाकू. याउलट कामटीची वीण, लुगड्याचा काठ, गेरूचा रंग हे सर्वांचे सामायिक धन आहे. गोव्यात १९०२ साली जन्मलेले आणि १९६७ मध्ये पुण्यात निवर्तलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मरियामातेला साडी नेसवली, तेव्हा त्यांना आपल्याच लोकांचा विरोध सोसावा लागला. आज त्या चित्रांपुढे आपण कृतज्ञतेने उभे राहतो. त्यांनी आपल्या मातीचा वेश घेतला; दुसऱ्याचा देव घेतला नाही.

वाचकहो, सणासुदीला उत्कृष्ट देवपेटीची स्पर्धा घ्यावी, अशी सूचना धर्मग्रामांतून अधूनमधून होते. हेतू चांगला असतो. तरी आमचे मत प्रतिकूल आहे. क्रमांक लागले की दुकानातील दिवे जिंकतात आणि तुरीचे दाणे हरतात. त्यापेक्षा ऑक्टोबर महिन्यात, ऊसतोडीला निघण्यापूर्वी, एकेका संध्याकाळी एकेका घरी जमून त्या घरच्या देवपेटीपुढे जपमाळेची प्रार्थना करावी. जे पडावावर जाणार आहेत त्यांची पेटी सर्वांनी मिळून दुरुस्त करून द्यावी: सुटलेली कामटी बांधावी, गळालेले मणी ओवावे, दाराला नवी कडी लावावी. पेटी सजवताना मुलांना सोबत घ्यावे. थर्मोकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि आपल्याला त्याची गरजही नाही. आशीर्वादित चित्र जीर्ण झाले, तर ते कचऱ्यात न टाकता आदराने जाळावे किंवा पुरावे. आणि पेटीपुढे एक लहान डबा ठेवावा; सजावटीवर जितके खर्चाल तितके त्यात, आजारी शेजाऱ्यासाठी.

एवढे केल्यावर पेटीला खुशाल बेगड लावा, हवे तेवढे लावा. उसाच्या फडाशेजारच्या झोपडीत, दिवसभर कोयता चालवून थकलेली माणसे जेव्हा तिची दोन दारे उघडतील, तेव्हा पणतीचा उजेड त्या बेगडावर पडून त्यांच्या चेहऱ्यांवर येईल. त्यात खोटे काहीही नसेल.