कोठार कोणासाठी?



आजच्या शुभवर्तमानात (लूक 12:13-21) एका धनवानाला भरघोस पीक येते. तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो आणि देव त्याला मूर्ख ठरवतो. आता उत्पत्तीचा 41वा अध्याय काढा. तेथे योसेफही कोठारेच भरतो. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा तो नगरोनगरी साठवून ठेवतो, आणि तो मात्र शहाणा ठरतो. म्हणजे साठवणे हे पाप नव्हे. धनवानाच्या मनात स्वतःखेरीज कोणी नाही. योसेफाच्या मनात न आलेला दुष्काळ आहे आणि त्या दुष्काळात दाराशी येणारी माणसे आहेत.

कोठाराचा हा प्रश्न आपल्या काळातही एका देशाच्या जिवावर बेतला. आफ्रिकेतील मलावी हा लहानसा, गरीब देश. बहुतेक लोक शेतकरी, आणि मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्सिमा हेच त्यांचे रोजचे जेवण. 2000 च्या सुमारास सरकारी कोठारांत दीड लाख टनांहून अधिक मका होता. तो व्याजाच्या पैशाने घेतलेला होता. साठा कमी करावा, असा सल्ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने दिला. कागदावर हा सल्ला चुकीचा म्हणता येत नाही: धान्य किडते, गोदामाला खर्च येतो, व्याज वाढत जाते. पण कोठारे जवळजवळ रिकामी झाली आणि 2001 चे पीक अतिपावसाने घटले. मका कमी पडला तर कंदमुळांवर भागेल, असा हिशेब होता. तोही चुकला, कारण त्या पिकाचे अंदाज फुगवलेले होते. 2002 च्या सुरुवातीला मक्याचे भाव कित्येक पटींनी चढले. लोकांनी कोवळी कणसे तोडून खाल्ली, कोंडा खाल्ला. किती माणसे दगावली याची नीट मोजदाद झालीच नाही. अंदाज काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत जातात.

निधीचे म्हणणे असे, की साठा कमी करा म्हणालो होतो, रिकामा करा असे नाही. ते मान्य करू या. मका कोणी, कोणत्या भावाने उचलला यावर मलावीतच मोठे वादळ उठले आणि देशातल्या पुढाऱ्यांवर व अधिकाऱ्यांवरही बोट रोखले गेले. सारा दोष परक्यांवर ढकलून चालणार नाही. पण ज्याने सल्ला दिला त्याच्या घरी चूल पेटायची थांबली नाही, हेही खरे. सेमिनरीत आम्हांला शिकवत, की साधनाचे मोल साध्यावरून ठरवावे. कोठाराचे साध्य भुकेल्याचे पोट आहे. त्याचा हिशेब फक्त व्याजाच्या वहीत मांडला, की हिशेब बिनचूक येतो आणि माणूस मरतो. संत थॉमस अक्वायनस तर पुढे जाऊन सांगतात, की अत्यंत गरजेच्या वेळी सर्व वस्तू सर्वांच्या होतात.

2005 मध्ये पुन्हा पीक बुडाले. खतावर सवलत देऊ नये, असा मदत करणाऱ्या देशांचा व संस्थांचा आग्रह अनेक वर्षे होता. तो बाजूला ठेवून मलावी सरकारने लहान शेतकऱ्यांना स्वस्त खताची आणि बियाण्याची कूपने वाटली. सरकारी आकड्यांप्रमाणे 2005 चे सुमारे 12 लाख टन मक्याचे पीक 2007 पर्यंत दुपटीहून वर गेले. पाऊसही चांगला झाला होता, आणि हे आकडे सर्वच अभ्यासकांना पटत नाहीत. पुढे या योजनेचा खर्चही डोईजड झाला. तरी पेरायला कवडी नसलेल्याच्या हाती खत पडले, ही लहान गोष्ट नव्हती.

योसेफाची गोष्ट आपण बहुधा अर्ध्यावर सोडतो. 47वा अध्याय घरी जरूर वाचा. धान्य विकत घेता घेता मिसरी लोकांचा आधी पैसा जातो, मग गुरे, मग शेते आणि शेवटी ते स्वतःच फारोचे दास होतात. जीव वाचला, पण मोकळीक गेली. मला हा अध्याय अस्वस्थ करतो. कर्ज आणि मदत देणारे देश जेव्हा धान्याबरोबर अटीही पाठवतात, तेव्हा तोच अध्याय पुन्हा लिहिला जातो.

आपल्या रेशनच्या दुकानामागेही असेच सरकारी कोठार आहे. हमीभावाने खरेदी करून साठा ठेवण्यावर जागतिक व्यापार संघटनेत हरकती निघाल्या. 2013 साली बाली येथे तात्पुरती तडजोड झाली. कायमचा तोडगा अजून निघालेला नाही. रेशनच्या तांदळात खडे असतात म्हणून आपण नाक मुरडतो, ते रास्तच आहे. पण दुकानच नको, असे कोणी म्हणू लागला तर त्याच्या घरी धान्य कोठून येते, हे आधी विचारावे.

मलावीत 2023 च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळाने हाहाकार माजवला. 2024 मध्ये पावसाने दगा दिला आणि देशाच्या 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली. आजच्या मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत तेथील शेतकऱ्यांसाठी एक विनंती आहे. तिला उत्तर देताना आपल्या धर्मग्रामात या महिन्यात कोणाच्या घरी डबा रिकामा आहे, तेही आठवावे. नाव ठाऊक असेल तर मिस्सानंतर मला येऊन सांगावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू