आगंतुकाची साक्ष

गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबांतील एक तरुण उच्च शिक्षणासाठीं परदेशीं गेला. त्याला व्हिसा मिळाला त्या दिवशीं घरीं पेढे वाटण्यांत आले, आणि आम्हींही दोन खाल्ले. परंतु मुलाखतीपूर्वींचे आठ दिवस आमच्या दिवाणखान्यांत काय चाललें होतें, हें सांगावयास आम्हांस थोडा संकोच वाटतो. घरांतील वडील मंडळी आळीपाळीनें अधिकारी होऊन बसत आणि त्यास विचारीत, "शिक्षण संपल्यावर काय करणार?" पहिल्या दिवशीं तो म्हणाला, "अजून ठरविलेलें नाहीं. चांगली नोकरी मिळाली तर कदाचित् राहीनही." हें उत्तर अक्षरशः खरें होतें. सर्वांनीं एकमुखानें त्यास गप्प केलें. आठव्या दिवशीं तो पापणी न लववितां सांगूं लागला कीं, आपण परत येऊन वडिलांचा व्यवसाय पाहणार. त्याच सुमारास आमच्या शेजारची एक मुलगी अशाच एका खिडकीपुढें उभी राहिली, आणि "ठरविलेलें नाहीं" असें म्हणाली. तिला नकार मिळाला.

दोघांपैकीं खोटें कोण बोललें, ह्याविषयीं वाद नाहीं. त्या खोट्याचा वांटा कोणाकोणाकडे जातो, हें मात्र इतकें सोपें नाहीं.

अमेरिकेच्या १९५२ सालच्या कायद्यांत एक कलम आहे. तात्पुरत्या मुक्कामासाठीं येऊं इच्छिणारा बहुतेक प्रत्येक परदेशी मनुष्य कायमचा राहावयासच येत आहे असें धरून चालावें, आणि तसें नाहीं हें त्यानेंच अधिकाऱ्यास पटवून द्यावें, असा त्याचा आशय. फौजदारी न्यायालयांत आरोपी निर्दोष समजला जातो. येथें ती सवलत नाहीं. आपणांसही नाक मुरडण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील १९४६ सालच्या परकीयांविषयींच्या कायद्यानेंही, आपण परकीय नाहीं हें सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता. घराचें दार कोणास उघडावें हें घरधन्यानें ठरवावें, ह्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आम्हांस एवढेंच विचारावयाचें आहे कीं, ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नाहीं असें आधींच ठरलें, त्याच्याकडून सत्याची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

ह्या प्रश्नाचें अगदीं उघडें रूप पाहावयाचें तर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील एंजल बेटाकडे वळावें लागेल. १८८२ सालीं अमेरिकेनें चिनी मजुरांस प्रवेशबंदी केली. व्यापारी, विद्यार्थी असे थोडे वर्ग वगळले होते. आणि अमेरिकन नागरिकाच्या पुत्रास अडविणें कायद्यानें शक्य नव्हतें. पुढें १९०६ च्या भूकंपामागून लागलेल्या आगींत त्या शहराचीं दप्तरें जळालीं. तेव्हां अनेक चिनी रहिवाशांनीं आपला जन्म येथलाच असल्याचें सांगितलें, आणि मायदेशीं आपणांस इतके पुत्र आहेत अशी नोंद करविली. त्यांतील कांहीं पुत्र खरे होते, कांहीं निव्वळ कागदावरचे. कागदावरची ती जागा पैसे मोजून घ्यावी, आणि परक्याच्या मुलानें पुत्र म्हणून यावें, असा व्यवहारच सुरू झाला.

हा व्यवहार उघडकीस आणण्यासाठीं १९१० ते १९४० पर्यंत त्या बेटावरील ठाण्यांत उलटतपासणी चाले. घराला पायऱ्या किती? तांदळाचें भांडें कोठें ठेवतां? पलीकडच्या ओळींत तिसरें घर कोणाचें? मुलाचीं उत्तरें बापाच्या उत्तरांशीं ताडून पाहिलीं जात, आणि तोंवर मुलगा लाकडी कोठडींत आठवडेच्या आठवडे, कित्येकदां महिनेही, पडून राही. त्या भिंतींवर अनेकांनीं कविता कोरल्या. पाडावयास काढलेली ती इमारत १९७० नंतर वांचली ती ह्या अक्षरांमुळें.

आमच्या आजोळच्या घराला पायऱ्या किती होत्या? हें लिहितांना आम्हीं आठवून पाहिलें. पांच कीं सहा, हें ठरेना. आणि आमच्या साऱ्या उन्हाळ्याच्या सुट्या त्याच पायऱ्यांवर गेल्या आहेत! खरा पुत्र असाच अडखळे. कागदी पुत्र अडखळत नसे, कारण त्यानें उत्तरांची वही तोंडपाठ करून ती बंदर येण्यापूर्वींच समुद्रांत टाकलेली असे. अखेरीस खऱ्या पुत्रांनाही वह्या पाठ कराव्या लागल्या. खोटें हुडकण्यासाठीं रचलेल्या परीक्षेंत सत्यालाही खोट्याचीच शिकवणी लावावी लागली. १९४३ सालीं तो कायदा रद्द झाला, तोही वर्षास अवघ्या १०५ चिन्यांस वाट देऊन. पण उसनीं आडनांवें मागें राहिलीं. १९५६ पासून सरकारनें कबुलीजबाब घेण्यास आरंभ केला, तेव्हां एकानें खरें सांगितलें कीं साऱ्या कुटुंबाचें बिंग फुटे. म्हणून कित्येकांनीं आपलें खरें नांव मुलांनाही सांगितलें नाहीं.

महाभारताच्या कर्णपर्वांत कौशिकाची कथा आहे. लपलेल्या माणसांचा माग त्यानें लुटारूंस खरा सांगितला, आणि त्या सत्याबद्दल त्याला नरक मिळाला. आमच्या मंडळींपैकीं एकानें ही कथा त्या आठ दिवसांत सांगितली होती. पण आम्हांस ती लागू पडत नाहीं. खिडकीमागचा अधिकारी लुटारू नव्हे. दोन-तीन मिनिटांत माणसाचें मन ओळखण्याचें अशक्य काम त्याच्या गळ्यांत बांधलें आहे, इतकेंच. दारिद्र्यानें गांव सोडलेल्या कागदी पुत्रास आम्ही क्षमा करूं. आमच्या दिवाणखान्यास तितकी सहज करवत नाहीं. आमचा मुलगा उपाशी नव्हता.

आणखी एक भेद आहे. बेटावर जें घडून गेलें तें विचारीत. आज विचारतात तें पुढचें. आणि बावीस वर्षांच्या मुलास स्वतःचें पुढचें कोठें ठाऊक असतें? त्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीची साक्ष मागावी, तीही ठाम शब्दांत, आणि "ठाऊक नाहीं" ह्या एकमेव प्रामाणिक उत्तरास नकाराचा शिक्का मारावा, ह्यांत दोष उत्तराचा जितका, तितकाच प्रश्नाचा आहे. परत येण्याचा बेत आज खरा असून उद्यां बदलला, तर आजची साक्ष खोटी ठरत नाहीं. पण बेत नसतांना तो पाठ करणें निराळें, आणि तें पाठ करून घेणारे आम्ही होतों.

शेजारची ती मुलगी पुन्हां अर्ज करणार आहे. काय बोलावें, हें विचारावयास ती गेल्या रविवारीं आमच्याकडे आली होती. तिच्या वडिलांच्या शेताचा सातबारा बरोबर न्यावा, एवढेंच आम्हीं तिला सांगितलें. "आणि परत येण्याचें विचारलें तर?" तिनें विचारलें. आमच्या मुलाचें पाठ केलेलें उत्तर आमच्या ओठांवर होतें. तें आम्हीं तिला दिलें नाहीं. दुसरेंही कांहीं सुचलें नाहीं. थोडा वेळ बसून ती निघून गेली.