नश्वर स्वरांची पेढी

शब्द नित्य की अनित्य, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी ज्या निष्ठेने लढविला, त्या निष्ठेने फार थोडे प्रश्न लढविले गेले असतील. जैमिनीच्या सूत्रांच्या पहिल्याच पादात मीमांसक आपली बाजू मांडतो की, वर्ण उत्पन्न होत नाही, तो सदैव आहेच. अंधारातला घट जसा दिव्याने दिसू लागतो, तसा कंठातून निघालेल्या वायूच्या योगे तो केवळ अभिव्यक्त होतो, आणि याचे प्रमाण म्हणजे आपली प्रत्यभिज्ञा, कारण काल ऐकलेला गकार आज पुन्हा कानी पडताच ‘तोच हा’ असे आपण निःशंकपणे ओळखतो. नैयायिक ही साक्ष नामंजूर करतो. शब्द हा आकाशाचा गुण, पण तो प्रयत्नाने जन्मतो आणि जन्मताच नाशाला लागतो. ‘तोच हा’ या ओळखीच्या मुळाशी सादृश्य असते, ऐक्य नसते. कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त मीमांसकांची फिर्याद इतक्या ताकदीने पुढे चालविली की, वाचताना क्षणभर आपणही नित्यवादी होऊन जातो.

वेदांच्या अपौरुषेयत्वासाठी उभा राहिलेला हा वाद मुंबईच्या एका दुकानाला लावून पाहणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. मला तसे वाटत नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान ग्रामोफोन कंपनीच्या कर्ण्यासमोर गायल्या, तेव्हा या वादात तबकडीच्या रूपाने असा एक साक्षीदार उभा राहिला की ज्याची कल्पना जैमिनीला वा न्यायसूत्रकार गौतमाला असणे शक्यच नव्हते. त्या साक्षीदाराला मुंबईत ज्या अनेक पेढ्यांनी आश्रय दिला, त्यांत काळ्या घोड्याजवळचे ‘रिदम हाऊस’ हे लोकांच्या विशेष जिव्हाळ्याचे. चाळीसच्या दशकात उघडलेले आणि पुढे करमली कुटुंबाने सांभाळलेले हे दुकान कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीचे अंकित नव्हते. ख्याल, गझल, चित्रपटगीत, जॅझ आणि पाश्चात्त्य सिंफनी यांना तिथे एकाच छपराखाली जागा होती, आणि विकत घेण्यापूर्वी तबकडी ऐकून पाहता यावी म्हणून काचेच्या लहान खोल्या होत्या. खिशात पैसे नसलेला विद्यार्थीही तिथे ऐकून जाई, ही त्या पेढीची खरी पुण्याई.

त्या खोलीत उभा राहणारा मनुष्य नेमके काय घ्यायला आला होता? षड्ज तर सर्वत्र एकच आहे, भैरवीचे स्वर कोणत्याही पेटीवर मिळतात, आणि मीमांसकाच्या हिशेबी जे नित्य ते असे फुकटच उपलब्ध आहे. गिऱ्हाइकाला हवा असे तो अब्दुल करीमखाँसाहेबांचा षड्ज, मिरजेच्या त्या एका कंठातून एका विशिष्ट दिवशी निघालेला, त्यातल्या किंचित सानुनासिक कंपासह आणि मधल्या श्वासासह. म्हणजे मीमांसकाने ज्याला केवळ व्यंजक ध्वनी म्हणून गौण ठरविले, तेच त्याच्या प्रेमाचे सर्वस्व होते. मनुष्याचे हृदय नित्यावर जडत नाही, नश्वरावर जडते, असे मी म्हणतो ते या आधारावर. आणि ज्या धर्मविचाराने नश्वराच्या या ओढीला निव्वळ अविद्या म्हणून खारीज केले, त्याने आपल्या अशिलाचे म्हणणे पुरते ऐकून घेतले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तबकडीने नश्वराला अमर केले, असेही समजू नये. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किड्यांनी साठविलेल्या लाखेपासून बनणाऱ्या त्या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत, त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, आणि पोलादी सुई प्रत्येक फेऱ्यात खाचेचा थोडा अंश खरवडून नेई, त्यामुळे जी तबकडी अधिक आवडती ती अधिक लवकर झिजे. खाचेत स्वर नसतो, स्वराचा दस्तऐवज असतो. प्रत्येक वेळी स्वर नव्याने उपजतो आणि नव्याने मरतो. येथे निकाल नैयायिकाच्या बाजूने द्यावा लागतो.

दुकानाची कथा याहून वेगळी नाही. लाखेच्या तबकड्या गेल्या, लाँगप्ले आल्या, त्यांच्या जागी कॅसेट आणि मग सीडी आल्या, माल पुन्हा पुन्हा बदलला, तरी दारात पाऊल टाकणारा ‘तेच हे’ असेच म्हणत राहिला. पुढे गाणे विकत घेण्याची वस्तूच उरली नाही, तेव्हा फेब्रुवारी २०१६च्या अखेरीस दुकान बंद झाले. वास्तू एका जवाहिऱ्याच्या कंपनीकडे गेली आणि त्याच्यावरील खटल्यात तिची जप्तीही झाली. जप्त मालमत्तेच्या यादीत भिंती मोडतात, जागेचे क्षेत्रफळ मोडते. तिथे ऐकलेले काही मोडत नाही.

१९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ‘व्हॉयेजर’ याने सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या घेऊन निघाली, त्यांत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. ज्या आकाशाचा गुण शब्द असे नैयायिक सांगतो, त्याच आकाशात, हवा नसल्यामुळे, ती भैरवी आज मुकी आहे. तिला पुन्हा कोणी सुई, हवा आणि कान द्यावे लागतील. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांनी तर ध्वनिमुद्रणच करू दिले नाही, त्यामुळे त्यांचे गाणे कोणत्याही पेढीवर कधीच विकले गेले नाही. त्यांची गायकी शिष्यपरंपरेत अखंड आहे, असे मीमांसक म्हणेल, आणि ते खरेच आहे. केसरबाईंच्या आणि खाँसाहेबांच्याच दुसऱ्या शिष्या मोगूबाईंच्या तानेत ती स्पष्ट ऐकू येते. पण खाँसाहेबांच्या १९४६मधील निधनापूर्वी ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकले, ते साक्षीदार आता जवळजवळ सारे गेले, आणि तो आवाज कसा होता हे शिष्यांच्या गाण्यावरून सिद्ध करता येत नाही.