मसावात आणि पाण्याचा रांजण

आमच्या शाळेत परिपाठाला मुले संविधानाची उद्देशिका उर्दूतून म्हणतात. इन्साफ, आझादी, मसावात, उखुव्वत असे वजनदार शब्द त्यात आहेत. घरी दखनी बोलणाऱ्या तिसरीच्या मुलांना ते पाठ असतात, पण कळतात असे नाही. एकदा मी 'मसावात'चा अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सब एक सरीखे." मी शाबासकी दिली. त्याच दुपारी तो रांजणाजवळ उभा होता. त्याच्या वर्गातल्या मुलीने पेला धुऊन, भरून त्याच्यापुढे धरला. तिचे वडील सफाई कामगार. तो पेला घेईना. "पी ना," मी म्हणाले. मान खाली घालून तो म्हणाला, "टीचर, उसके हात का पानी अम्मी नको बोली."

मुलगी तिथेच उभी होती, पेला हातात घेऊन.

'आपल्यात जातपात नाही' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! पुरावा म्हणून मशिदीतली सफ दाखवतो. सफ खरी आहे. पण लग्नाची गोष्ट निघाली की बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी ही नावे एकेक करून बाहेर येतात, आणि मेहतराचे नाव तर त्या बोलण्यातही येत नाही. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी फत्तेखान या मुसलमानाने आपली जागा दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण महाडचा झगडा पाण्याचाच होता, हे सांगताना आपल्या घरातला पेला आठवत नाही. संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा ती अमुक एका धर्मातली असे म्हटलेले नाही. 1950 च्या आदेशाने मात्र अनुसूचित जातींच्या यादीत मुसलमानाला जागा ठेवली नाही. तुमच्यात अस्पृश्य नाहीत असे सरकारने म्हणायचे आणि आपणही मान डोलवायची, असे दोघांचे छान जमले आहे!

एक सहकारी म्हणाले, "इतक्या लहान मुलांसमोर बिरादरीचा विषय काढू नका, त्यांना काय कळते?" हा मुद्दा मला पटला नाही. मुलाला माझ्याआधीच कळलेले होते. माझी अडचण वेगळी होती. तो चुकला म्हणायचे तर त्याची अम्मी चुकली म्हणावे लागते. आईच्या पायाखाली जन्नत आहे, हे त्याला शिकवणारीही मीच. आठ वर्षांच्या मुलाला आई आणि टीचर यांतून एकीला निवडायला लावण्याचा हक्क मला कोणी दिला? पण गप्प बसावे, तर पेला हातात घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीचा हक्क कोणी पाहायचा? बी.एड.ला मूल्यशिक्षणाच्या पाठाचे टाचण काढताना उद्दिष्ट, कृती, मूल्यमापन असे रकाने आखले होते. आईसाठी रकाना नव्हता.

दोन दिवसांनी मी वर्गात हजरत अबू जर (रजि.) यांची हकिकत सांगितली. ती बुखारी शरीफमध्ये आहे. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. हुजूर (स.) त्यांना म्हणाले की, तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. तुमच्या हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत. जे स्वतः खाता ते त्यांना द्या, जे ल्यायचे ते त्यांना ल्यायला द्या. पुढे लोकांनी पाहिले, तर अबू जर आणि त्यांचा गुलाम यांच्या अंगावर सारखेच कपडे. मी मुलांना म्हणाले, एवढ्या मोठ्या सहाबींमध्येही थोडे शिल्लक राहिले होते, मग आपल्या घरात राहिले तर घरचे वाईट ठरत नाहीत. राहिले आहे, एवढेच. एका मुलीने विचारले, "फिर उनो क्या बोले?" मी म्हणाले, ते काय बोलले यापेक्षा त्यांनी कपडे बदलले, ते बघ.

आठवड्याने त्या मुलाची आई शाळेत आली. भांडायला नव्हती आली. म्हणाली, "टीचर, हम क्या उनको बुरा बोलते? रिवाज है. हमको भी कौन बराबर बिठाते?" ती पिंजाऱ्याच्या घरची. तिच्या बहिणीचे ठरत आलेले लग्न बिरादरीवरून मोडले होते, ते तिने मला उभ्याउभ्या सांगितले. मी काय उत्तर देणार? मी तिला बसायला खुर्ची दिली.

त्यानंतर मी माझे स्वतःचे दफ्तर तपासले. वर्ग झाडायच्या पाळ्या तीन वर्षे मी फक्त मुलींना लावत होते, घंटा मुलांकडे होती. आणि मुलींतही त्या सफाई कामगाराच्या मुलीचे नाव पहिले, कारण 'ती नीट झाडते.' हे लिहिताना लाज वाटते. कोणत्याही अम्मीने मला तसे सांगितले नव्हते.

आता झाडू, घंटा, पाणी, सगळे हजेरीच्या क्रमांकाने. पाण्याची पाळी तिची असते, त्या दिवशी सर्वांत आधी मी तिच्या हातून पेला घेते. तीन-चार मुले त्या दिवशी आठवणीने घरून बाटली आणतात. तो मुलगा कधी आणतो, कधी आणत नाही.